फेब्रुवारीत आमचं गाव मोजायला याल तेव्हा : जनगणना संचालनालयाला खुलं पत्र

मा. जनगणना संचालक, महाराष्ट्र राज्य,
आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये आमच्या दारात उभे राहणारे सगळे प्रगणक गुरुजी आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातली. धारूर आणि वडवणीच्या मधल्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव आहे, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण जे सांगायचंय ते एकट्या आमच्या गावाचं नाहीच, बालाघाटच्या रांगेत कुठल्याही गावात गाडी थांबवून पारावर विचारा, हेच ऐकायला मिळेल. विषय अगदी साधा आहे. तुम्ही ज्या महिन्यात आम्हाला मोजायला येणार त्या महिन्यात आम्ही गावात नसतो.

१६ जून २०२५ ला जनगणनेची अधिसूचना निघाली. त्यात मोजणीचा क्षण ठरवलाय १ मार्च २०२७ च्या रात्री बारा वाजताचा, म्हणजे २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागतो तेव्हाचा, आणि घरोघर जाऊन माणसं लिहिण्याचं काम फेब्रुवारीत. आता फेब्रुवारीत साखर कारखान्यांचं गाळप ऐन भरात असतं. दसरा झाला की आमच्याकडच्या ऊस तोडणाऱ्या टोळ्या निघायला लागतात, दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळे गेलेले असतात, आणि माघारी येतात ते थेट गुढीपाडव्याच्या आगेमागे, ऊस जास्त असला तर त्याच्याही नंतर. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, आणि सीमेपलीकडं बेळगावकडच्या कारखान्यांना. आमच्याकडं याला "कारखान्याला जाणं" म्हणतात. कुणाच्या दाराला कुलूप दिसलं की कुठं गेलेत असं कुणी विचारत पण नाही, कारखान्याला गेलेत हे सगळ्यांना माहीतच असतं.

२०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली आणि १ ते ५ मार्चला फेरतपासणी. त्याच्या आधीची २००१ ची पण फेब्रुवारीतच. म्हणजे हे पहिल्यांदा होतंय असं नाही, फक्त आतापर्यंत आमच्या बाजूनं कुणी लिहून कळवलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून मी लिहितेय.

नियम काय आहे तो मी नीट वाचलाय. मोजणीच्या सगळ्या काळात जो माणूस घरी नव्हता त्याला त्या घरात धरायचं नाही, तो जिथं सापडेल तिथं धरायचं. शहरातल्या माणसाला हा नियम बरोबर आहे, कुणी पंधरा दिवस मुंबईला लेकीकडं गेलं तर लेकीच्या घरात लिहिलं जाईल, देशाच्या बेरजेत कुठंच फरक पडत नाही. पण आमच्या गावात एखादं-दुसरं माणूस पाहुणा म्हणून गेलेलं नसतं हो, निम्म्याहून जास्त घरांतली हातपाय चालणारी सगळी माणसं एकाच वेळी गेलेली असतात, आणि ती जिथं जातात तिथं त्यांना घर नसतं, कोपी असते, म्हणजे पाचट-ताडपत्रीची तात्पुरती झोपडी. जनगणनेची सगळी बांधणी घरावर आहे. आधी घरयादी, मग त्या यादीवरून माणसं. घरयादीचं काम एप्रिल ते सप्टेंबर २०२६ च्या दरम्यान ठरवलेलं, म्हणजे उन्हाळा-पावसाळा. त्या दिवसांत आमच्या गावातली सगळी घरं उघडी असतात, दारात बाजा टाकून माणसं बसलेली असतात, लग्नसराई असते, पेरणीची धावपळ असते. तेव्हा आमचं घर यादीत येणार, नंबर पडणार, घरात राहणारी माणसं सहा असं लिहिलं जाणार. आणि त्याच वेळी तिकडं ऊसपट्ट्यात जिथं फेब्रुवारीत शेदोनशे कोप्या उभ्या असतात ती जागा मोकळी पडलेली असते, कारण कोप्या उभ्या राहतात दिवाळीत. मग फेब्रुवारीत काय होणार बघा, यादीत आमचं घर आहे पण घरात माणसं नाहीत, आणि माणसं आहेत तिथं यादीत घर नाही. प्रगणकानं नवीन दिसलेलं घर यादीत घ्यायचं असतं हे मला माहीत आहे. पण गावापासून दोन-तीन किलोमीटर लांब, कुणाच्या तरी पडीक रानात, कालव्याच्या कडेला उभ्या केलेल्या ताडपत्रीच्या कोपीला त्या गावातल्या गुरुजींनी आपल्या भागातलं घर समजायचं, हे सांगितल्याशिवाय आपोआप होणार नाही.

२०११ ला मी शाळेत होते, गावात आजीजवळ राहायचे. आई-अण्णा आणि माझा लहान भाऊ कोल्हापूरकडं एका कारखान्याला होते. गुरुजी फॉर्म घेऊन आले, आजी ओट्यावर शेंगा निवडत बसलेली, तिनं घरातली सगळी नावं सांगितली, आधी अण्णांचं, मग आईचं, मग आम्हा लेकरांचं. गुरुजींनी विचारलं, हे दोघं आता हायत का इथं? आजी म्हणाली, न्हाईत, कारखान्याला गेल्यात, पाडव्याला येतील. मग गुरुजींनी समजावून सांगितलं की त्यांचं नाव तिकडं लागेल आजी, इथं नाही लिहिता यायचं. गुरुजींची चूक नव्हती, त्यांना शिकवलं तसंच त्यांनी केलं. आमच्या घरात लिहिली गेली एक म्हातारी आणि एक शाळेतली पोरगी. पुढं बऱ्याच वर्षांनी मी आईला विचारलं की तेव्हा कोपीवर कुणी लिहायला आलं होतं का गं, तर ती म्हणाली, आम्ही दिवसभर उसाच्या फडात, कोण आलं कोण गेलं आम्हाला काय ठाऊक. म्हणजे माझे आई-वडील १२१ कोटींत आहेत की नाहीत हे आज पण मला सांगता येणार नाही.

आता गावाचं फेब्रुवारीतलं चित्र सांगते, कारण या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथंच आहे. लोक समजतात की गाव अर्धं रिकामं होतं म्हणजे सगळ्या आळ्या सारख्याच रिकाम्या होतात. तसं नाही. गावात राहतं कोण? ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो राहतो. ज्याचं दुकान आहे, पिठाची गिरणी आहे, पोरगा नोकरीला आहे, तो राहतो. आणि जातो कोण, तर कोरडवाहू दोन-तीन एकर डोंगर उताराची जमीन असलेला, नाहीतर जमीनच नसलेला. आमच्याकडं वंजारी घरं जास्त, त्यांच्यातली निम्म्याहून जास्त जातात. तांड्यावरचे लमाण जवळजवळ सगळेच जातात, तांड्यावर फेब्रुवारीत गेलात तर कुत्रं पण भुंकायला नसतं. बौद्ध आणि मातंग वस्तीतली बहुतेक घरं बंद, कारण तिथं जमीन आधीपासूनच नाही. धनगर काही कारखान्याला, काही मेंढरं घेऊन लांब. मराठ्यांच्यात पूर्वी जाणारे कमी होते, आता जमिनी वाटून वाटून एवढ्या बारीक झाल्यात की त्यांची पण पोरं कोयता घेऊन जातात. मुसलमानांची काही घरं जातात. म्हणजे फेब्रुवारीत गावात जी माणसं दिसतात ती आमच्या गावाची सगळी माणसं नाहीतच, ती पाणी असलेली माणसं आहेत, आणि त्यांच्यासोबत मागं ठेवलेली म्हातारी आणि शाळेतली लेकरं.

त्यामुळं नुसता आकडा कमी येतो एवढंच नाही होत, गावाची घडणच चुकीची लिहिली जाते. कुठल्या समाजाची किती माणसं, हातपाय चालणारे किती, सहा वर्षांच्या आतली लेकरं किती, बायका किती, सगळंच वाकडं. २०११ ची गावनिहाय कोष्टकं कुणीही बघू शकतं, एकूण लोकसंख्या, पुरुष, स्त्रिया, शून्य ते सहा, अनुसूचित जाती, जमाती, साक्षर, मुख्य कामगार, सीमांत कामगार, शेतकरी, शेतमजूर, सगळं एका ओळीत असतं. त्या ओळीवर पुढची पंधरा-सोळा वर्षं आमचं सगळं चाललंय.

आणि हे "सगळं" म्हणजे काय ते पण लिहिते, नाहीतर वाटेल ही बाई उगाच एका आकड्यासाठी भांडतेय. ग्रामपंचायतीत सदस्य किती हे लोकसंख्येवर ठरतं, सातपासून सतरापर्यंत, १५०० च्या आत असाल तर ७ आणि वर गेलात तर ९. त्यात अनुसूचित जातीच्या जागा किती हे त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतं. ज्या वस्तीतली बहुतेक घरं फेब्रुवारीत बंद त्या वस्तीचं प्रमाण कमी येणार, प्रमाण कमी आलं की जागा कमी, म्हणजे ऊस तोडायला गेल्याची शिक्षा पंचायतीत भोगायची. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा गावांना वाटताना लोकसंख्या आणि क्षेत्रफळ ९०:१० असं धरलं होतं, म्हणजे शंभरातले नव्वद आमच्या डोक्यांवर. आशा ताई हजार माणसांमागं एक. आरोग्य उपकेंद्र पाच हजारांमागं, डोंगरी आदिवासी भागात तीन हजारांमागं. आणि रेशन. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, पण महाराष्ट्राला जो सात कोटींचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, मिळाला तो २०११ च्या जनगणनेवर. नवीन सून घरात आली, लेकरू झालं, नाव वाढवायला तहसीलला गेलो की ऐकायला मिळतं इष्टांक भरलाय, जागा नाही. २०११ च्या नंतर जन्मलेलं लेकरू आता शाळेत सातवी-आठवीला गेलं पण त्याच्या नावाचे पाच किलो मिळत नाहीत असं आमच्या गल्लीत एक घर नाही, बरीच आहेत.

बीड जिल्ह्याला जनगणनेच्या आकड्यात काय ताकद असते हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. २०११ ला शून्य ते सहा वयात हजार मुलांमागं ८०७ मुली असा आकडा आला, राज्यात सगळ्यात कमी. त्या एका आकड्यानं आख्खा जिल्हा हादरला, सोनोग्राफी सेंटरच्या तपासण्या सुरू झाल्या, शाळांत, सप्त्यांत, कीर्तनात त्यावर बोललं गेलं. आकडा नसता तर हे काहीच झालं नसतं. म्हणून जनगणनेबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि म्हणूनच ती नीट व्हावी असं वाटतं.

आता कोपीवर काय असतं ते सांगते, म्हणजे तिकडच्या प्रगणकांना कल्पना येईल. बांबू वाकवून रोवलेले, वर पाचट आणि ताडपत्री, आत एक पेटी, पाण्याची दोन ड्रम, चूल बाहेर. माणूस आत वाकूनच जातो. पहाटे तीन-चारला बायका उठतात, भाकरी करून फडक्यात बांधतात आणि उजाडायच्या आत टोळी फडात. दुपारपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधायच्या, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढून ट्रक नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली भरायची. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. टायर बैलगाडीवाले असले तर नवरा कारखान्यावर नंबरला गाडी लावून रात्रभर तिथंच बसलेला आणि बायको कोपीवर एकटी. संध्याकाळी वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा चारा, विकायचं, पाणी आणायचं, परत चूल. तुम्ही सकाळी अकरा वाजता गेलात तर कोप्यांवर तुम्हाला काय दिसेल, तर आठ-दहा वर्षांची एखादी पोरगी कडेवर लहान भावंड घेऊन उभी असेल, आणि तिला विचाराल घरात कोण कोण आहे तर ती लाजून आत पळेल. सात वाजल्यानंतर जावं लागेल, अंधारात, बॅटरी घेऊन. आणि एकदा जाऊन जमणार नाही, कारण फड संपला की टोळी उठते आणि कोप्या मोडून दुसऱ्या गावाच्या शिवारात जाते. आज या गुरुजींच्या भागात असलेली टोळी उद्या दुसऱ्याच्या भागात असेल, दोघांना पण वाटेल की दुसऱ्यानं लिहिलं असणार.

अजून एक फार महत्त्वाचं. तिकडं कुणी मुकादमाला, म्हणजे टोळी नेणाऱ्या माणसाला, विचारलं की टोळीत किती लोक आहेत, तर तो सांगेल दहा कोयते, नाहीतर पंधरा कोयते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, जोडीला मिळते, हिशोब जोडीचा होतो, खाडा, म्हणजे कामाचा चुकलेला दिवस, जोडीचा धरतात, बायको आजारी पडली तरी खाडा दोघांचा. त्यामुळं दहा कोयते ऐकून कुणी दहा माणसं लिहिली तर दहा बायका कागदावरून गायब होतात, आणि लेकरं तर मुकादमाच्या हिशोबात नसतातच. म्हणून हात जोडून सांगते, मुकादमाकडून आकडा घेऊ नका. प्रत्येक कोपीत जाऊन प्रत्येक बाईला तिचं नाव विचारा, तिलाच विचारा. आणि कामाच्या रकान्यात तिला घरकाम लिहू नका, नवरा सांगेल घरीच असते म्हणून, गावाकडं सासरा पण तेच सांगेल. पाच-सहा महिने ती ऊस तोडते, माघारी आली की खुरपायला जाते, मग कापूस वेचायला. वर्षातले सहा महिने काम असलं की मुख्य कामगार धरतात ना, मग ती मुख्य कामगार आहे.

बायकांना मोजलं की काय उघडं पडतं हे २०१९ ला दिसलं. गर्भाशय काढायच्या शस्त्रक्रियांचा विषय पेपरात आला, सरकारनं समिती नेमली आणि बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. तोपर्यंत हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, अंग धुताना, भाकरी करताना बायका एकमेकींना सांगायच्या, पण मोजलेलं नव्हतं म्हणून कुणाच्या लेखी नव्हतं. म्हणजे मनात आणलं तर ऊसतोड कामगार सापडतात, मोजता येतात, गाव न् गाव फिरून मोजता येतात. आज राज्यात ऊसतोड कामगार किती, तर कुणी आठ लाख सांगतं, कुणी बारा, कुणी त्याच्या पण वर. लाखालाखाचा फरक असलेले अंदाज. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृह योजना आहे, या सगळ्याला पक्का आकडा पाहिजे आणि तो जनगणनेइतका पक्का दुसरं कुणीच देऊ शकत नाही.

आणि यावेळी तर जात पण लिहिणार आहात. ३० एप्रिल २०२५ ला केंद्राच्या मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीनं ठरवलं. सगळ्या जातींची मोजणी शेवटची झाली १९३१ ला, स्वातंत्र्यानंतर फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या, २०११ च्या सामाजिक-आर्थिक-जात पाहणीतले जातीचे आकडे बाहेर आलेच नाहीत. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी भटक्या-विमुक्तांना कळणार की आपण किती आहोत, आणि नेमकं त्याच वेळी ते फिरतीवर. त्यात सीमेपलीकडं गेलेल्यांचा वेगळाच गुंता आहे. लमाण-बंजारा समाज आपल्याकडं विमुक्त जातीत येतो आणि कर्नाटकात तोच समाज अनुसूचित जातीच्या यादीत आहे. आमच्या तांड्यावरचं कुटुंब फेब्रुवारीत बेळगावकडं असेल तर तिकडचा प्रगणक त्यांच्या राज्याची यादी बघून लिहिणार, भाषा कन्नड, आमच्या माणसाला वाचता येणार नाही काय लिहिलं ते. आपल्या राज्यातून ती माणसं वजा होणार आणि तिकडं वेगळ्याच रकान्यात जाणार. याबद्दल दोन्ही राज्यांच्या संचालनालयांनी आधीच बोलून ठेवावं, मोजणी झाल्यावर दुरुस्त होणार नाही ते.

वस्त्यांच्या नावाचं पण लक्षात ठेवा. डिसेंबर २०२० ला राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं, समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. चांगला निर्णय आहे, आम्हाला मनापासून पटलेला. पण काही गावात कागदावर नवीन नाव आलं आणि माणसं जुनंच सांगतात, तर पत्ता लिहिताना घोळ करू नका, कोपीवरच्या माणसानं जुनं नाव सांगितलं तर गावाचं, तालुक्याचं नाव नक्की विचारून घ्या. "बीडकडचे" एवढं लिहून भागत नाही. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि २०११ ला २५ लाख ८५ हजार माणसं होती, त्यातली ऐंशी टक्के खेड्यातली.

आता मागणी सांगते. काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडच्या बर्फाच्या भागासाठी मोजणीची तारीख वेगळी धरली, १ ऑक्टोबर २०२६. बरोबर केलं, बर्फात माणूस पोचू शकत नाही. आम्ही तशी वेगळी तारीख मागत नाही, तारीख आता बदलणार नाही हे आम्हाला कळतं. आम्ही एवढंच म्हणतो की बर्फासाठी नियम वाकतो तर उसासाठी नियमाच्या आत राहून थोडी सोय होऊ शकते.

घरयादीत आमच्या प्रत्येक घरात नेहमी राहणारी माणसं किती हे लिहिलं जातंय, जोडपी किती हे पण लिहिलं जातंय. फेब्रुवारीत त्याच घरात दोन माणसं सापडली तर तो फरक टाकून देऊ नका, दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा, यावेळी तर सगळं मोबाईलवर आहे, कागदाचे गठ्ठे उचकायची गरज नाही. आणि गावनिहाय कोष्टकात एक रकाना वाढवा, हंगामी बाहेर गेलेले इतके. फक्त एक रकाना. स्थलांतराची कोष्टकं असतात पण ती जिल्ह्याची, राज्याची असतात, आणि २०११ ची बाहेर पडायला कितीतरी वर्षं गेली. गावाचा निधी, गावाचे सदस्य, गावाचं रेशन ठरवणाऱ्या माणसाच्या समोर गावाच्याच ओळीत तो आकडा दिसला पाहिजे.

तिकडं ऊसपट्ट्यात कोप्यांच्या तळांची यादी आधीच करून घ्या. ती करायला काहीच अवघड नाही. प्रत्येक कारखान्याच्या शेती विभागाकडं तोडणी-वाहतुकीचे करार असतात, कुठली टोळी आज कुठल्या गटात आहे हे स्लिपबॉयला, म्हणजे फडावर नोंद ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, रोज माहीत असतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुका हंगामात आल्या की आमच्याकडचे उमेदवार बरोबर फडावर गाडी पाठवतात, कुणाची टोळी कुठल्या शिवारात आहे हे त्यांना एका फोनवर कळतं. मतासाठी सापडतो तर मोजणीसाठी पण सापडू. एकाच रात्री सगळे तळ लिहिले तर अजून बरं, बेघर माणसांची मोजणी तुम्ही एका रात्रीत करताच की, पण आम्हाला बेघर म्हणून लिहू नका, आम्हाला गावाला घर आहे, घरयादीत त्याला नंबर पण असणार आहे.

लोकांना भीती असते तेवढी घालवायला पाहिजे. कोपीवर कुणी सरकारी माणूस कागद घेऊन आला की आधी वाटतं उचलीचं काहीतरी असेल, कोर्टाचं असेल, पोरांना शाळेतून काढल्याचं असेल. मुकादम शेजारी उभा असला तर बाई तोंडच उघडत नाही. जनगणनेत सांगितलेलं गुप्त राहतं, १९४८ च्या कायद्यात तसं आहे, ते कुणाच्या विरोधात वापरता येत नाही, हे मराठीत, आमच्या बोलीत, टोळीच्या समोर उभं राहून सांगायला पाहिजे. मुकादमाला जरा लांब थांबायला सांगा.

हे एकट्या बीडचं नाही हे पण ध्यानात असू द्या. जालना, परभणी, धाराशिव, नाशिक, जळगाव, पाथर्डीकडचे पण ऊसतोडीला जातात. नंदुरबारचे आदिवासी गुजरातच्या उसाला जातात, रायगड-पालघरचे कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर असतात, ओडिशाच्या बलांगीरची माणसं तेलंगणातल्या वीटभट्ट्यांवर असतात. फेब्रुवारीत या सगळ्यांच्या घराला कुलूप असतं. आमच्यासाठी जे कराल ते त्यांना पण लागू पडेल.

आणि आमच्या गावात येणाऱ्या गुरुजी-मॅडमना एक विनंती. कुलूप दिसलं तर "बंद घर" लिहून पुढं जाऊ नका, शेजारी विचारा, शेजारच्या म्हातारीला सगळं माहीत असतं, कोण कुठल्या कारखान्याला, कुणाच्या टोळीत, सोबत किती लेकरं नेलीत, सुनेला कितवा महिना चालू आहे, सगळं. लिहायला रकाना नसला तरी वहीत टिपून ठेवा. हंगामी वसतिगृहात गावातच राहणारी लेकरं चुकवू नका, ती रात्री शाळेत असतात आणि दिवसा आजीकडं, दोन्हीकडून सुटायची भीती असते.

गावात सगळे एकत्र असतात ते दसऱ्यापर्यंत. त्यामुळं हंगामी जाणाऱ्यांची गाववार यादी करायची असेल तर ती दसऱ्याच्या आत करावी लागेल, दसऱ्यानंतर उशीर झालेला असेल. ग्रामसेवक, अंगणवाडी ताई, आशा ताई यांना तसं पत्र काढा. आम्ही गावातल्या शिकलेल्या पोरी-पोरं त्यांच्यासोबत घरोघर फिरायला तयार आहोत, मानधन नको. मुकादमांचे नंबर आमच्याकडं आहेत, कुठली टोळी कुठल्या कारखान्याला, कुठल्या सेंटरला जाणार हे उचल घेतली तेव्हाच ठरलेलं असतं, ते पण लिहून देतो. तहसीलमध्ये कुणाला आणि कधी भेटायचं तेवढं कळवा.

आपली,
ऊसतोड कामगारांच्या घरातली एक लेक
बालाघाट डोंगरपट्टा, जि. बीड